तित्तर उठवणारी यमुना

हडपसरच्या सोसायटीत पाचव्या मजल्यावर राहायला आल्यापासून यमुनाबाईंना एक नवीच खोड लागली होती. पहाटे उठून त्या गॅलरीत उभ्या राहायच्या आणि मान जराशी तिरकी करून काहीतरी ऐकत बसायच्या. त्यांचे यजमान दशरथराव एकदा आतून म्हणाले, "दूधवाला जिन्याने येतो. आभाळातून नाही."

सगळा जन्म नारायण पेठेत गेलेला माणूस. छापखान्यात बाइंडिंगच्या कामाला होते; कागदाच्या कडा कापता कापता बोलण्याचीही कड तशीच झाली होती, सरळ आणि धारदार. यमुनाबाई हसल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. तित्तर बोलतोय का ते ऐकत होते, असं काही त्यांनी सांगितलं नाही. सांगणार तरी काय? समोर क्रेन उभ्या, त्यांच्यामागे काचेच्या इमारती, आणि खाली रात्रपाळी करून आलेल्या पोरापोरींना सोडणाऱ्या गाड्यांची रांग. तित्तर बोलणार कुठून?

पण चाळीस वर्षांपूर्वी तो इथंच बोलायचा. हडपसर हे यमुनाबाईंचं माहेर. लेकाने, अभयने, कंपनीपासून जवळ म्हणून इथे फ्लॅट घेतला, तेव्हा पेठेतल्या शेजारणी म्हणाल्या, "म्हातारपणी माहेरी चाललीस, नशीबवान आहेस बाई." यमुनाबाईंनाही तसंच वाटलं होतं. आल्यावर कळलं, माहेरचं नाव तेवढं पाटीवर राहिलं होतं.

त्यांचे वडील रंगराव एका डॉक्टरांची कुत्री सांभाळायचे. डॉक्टरसाहेब लष्करातून निवृत्त झालेले, कॅम्पात बंगला, आणि तित्तर-लाव्ह्यांच्या शिकारीचा भारी नाद. तेव्हा परवाना काढून हिवाळ्यात पाखरं मारता यायची. डॉक्टरांकडे लांब कानांची, हुलग्याच्या रंगाची एक कुत्री होती. साहेबांनी तिला काहीतरी इंग्रजी नाव ठेवलं होतं, पण रंगरावांच्या घरात ती हुलगीच. तिचं काम मारण्याचं नव्हतं, उठवण्याचं होतं. गवतात दडून बसलेलं पाखरू हुडकायचं आणि बंदुकीच्या पल्ल्यात असतानाच त्याला हवेत उडवायचं. फार लांब उठवलं तर बंदूक पोचत नाही. म्हणून कुत्रीला सारखं जवळ राखावं लागे. आणि ही हुलगी रंगरावांचंही ऐकत नसे. ऐकायची ती तिला भाकरी घालणाऱ्या पोरीचं, यमुनेचं.

"मग पोरगीच चालू दे पुढे," डॉक्टरसाहेब म्हणाले होते. झालं. दहा-अकरा वर्षांची यमुना दर रविवारी जीपमध्ये मागे बसून वाघोलीच्या माळांवर जाऊ लागली. पुढे कुत्री, मागे बंदूकवाला, आणि मध्ये परकराचा काचा मारलेली यमुना. टाळूला जीभ लावून तिने टक् केलं की हुलगी डावीकडे वळे, दोनदा केलं की उजवीकडे. नांगर धरल्यासारखं दोघींनी मिळून अख्खा माळ काढायचा.

रंगरावांचा एकच कडक नियम होता. "पाखरू उठलं की यमुना जमिनीला." तित्तर भर्रकन उडाला की त्याच क्षणी पोरीने मटकन खाली बसायचं, डोळे मिटायचे, दोन्ही कानांवर हात. डोक्यावरून बार जायचा. बार झाला की हुलगीही जागच्या जागी बसे. तसं तिला शिकवलेलंच होतं. रंगराव अंगणात दोन फळकुटं एकमेकांवर आपटायचे, ती बसली की भाकरीचा तुकडा. आवाज म्हणजे बैस. मग मागून हुकूम आल्यावर तिने जायचं आणि पडलेलं पाखरू अलगद तोंडात धरून आणायचं.

यमुनेने ते पाखरू कधी खाल्लं नाही. "माळकरीण झालीस काय गं?" असं रंगराव चिडवायचे. तिला त्याची हौस नव्हती. तिला ओढ होती ती आधीच्या एवढ्याशा जागेची. गवत हलायचं, हुलगीच्या शेपटीचं बुडखं वेड्यासारखं थरथरायचं, आणि मग ते भर्रर्र. जणू जमिनीनेच कुणाला तरी वर फेकलं. ते भर्रर्र आणि बार यांच्यामध्ये जो एक श्वास असे, तेवढ्यात तिला जगातलं सगळं मिळायचं.

पुढे लग्न झालं. नारायण पेठेत दोन खोल्या, सामायिक नळ, वर-खाली, आजूबाजूला माणसंच माणसं. सासरी हे असलं काही सांगण्याजोगं नव्हतं. नवऱ्याला मात्र पहिल्याच हिवाळ्यात सांगून पाहिलं. दशरथराव सगळं ऐकून म्हणाले, "बरं झालं. माळ्यावर उंदीर झालेत." त्यानंतर विषय निघाला नाही. हुलगी गेली, रंगराव गेले, डॉक्टरांचा बंगला विकला गेला. कायदा आला आणि शिकार बंद झाली; यमुनाबाईंना वाटलं, बरंच झालं, पाखरं तरी राहतील. पण थंडी पडली, स्वेटर ट्रंकेतून निघाले की त्यांच्या टाळूला जीभ आपोआप लागे. भाजी निवडताना मध्येच टक् असा आवाज यायचा. शेजारणीला वाटायचं, दातात काही अडकलंय.

तर अशा घरात सूनबाईंनी कुत्री आणली.

पूर्वा सॉफ्टवेअर कंपनीत होती. बढती मिळाली म्हणून तिने स्वतःलाच बक्षीस दिलं: कॉकर स्पॅनियल जातीचं पिल्लू. लोंबते कान, पिंगट अंग. नाव ब्राउनी. सोबत तिच्या घराण्याचे कागद. दशरथरावांनी ते चष्मा लावून वाचले. "घरात खापरपणजोबांचं नाव माहीत असलेली ही एकटीच."

यमुनाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पिल्लाने नाक फरशीला लावलं आणि हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, मग परत, असं आडवं-आडवं हुंगत निघालं. शेपटीचं बुडखं थरथरत होतं.

"अगं बाई," एवढंच त्या म्हणाल्या. पण त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं.

पिल्लू होतं तोवर कौतुक झालं. वर्षभरात मात्र ब्राउनीने सगळ्यांच्या नाकीनऊ आणले. सोफा उसवला, चपला फाडल्या. गॅलरीत कबुतर बसलं की काचेवर झेप. पूर्वा रात्री अमेरिकेतल्या लोकांशी फोनवर बोलत असायची, तेव्हा नेमका हिचा दंगा.

"आई, क्लायंट विचारतो, आर यू सेफ?" पूर्वा रडकुंडीला आली होती. "मला ती खूप आवडते हो. पण नाही जमत. वाघोलीचा श्याममामा म्हणतोय, माझ्याकडे दे. त्याचा माळ आहे, जागा आहे."

यमुनाबाईंनी कणकेची परात पुढे ओढली. "थांब ना जरा. संक्रांतीपर्यंत. मी शिकवते तिला."

"तुम्ही?"

"हो, मी." आणि मग कणीक तिंबता तिंबता त्यांनी सगळं सांगितलं. पूर्वाचे डोळे मोठे झाले. अभय लॅपटॉप मिटून आत आला. "आई, तू शिकार करायचीस? सीरियसली?"

"मी नाही रे. मी पाखरं उठवायचे."

"अजून उठवते," बाहेरून दशरथराव म्हणाले. "पहाटे. मला."

पूर्वा हसली, पण मुद्दा सोडणारी नव्हती. प्रोजेक्ट सांभाळणारी मुलगी. "ठीक आहे आई. संक्रांतीनंतरच्या रविवारी मामाकडे जाऊ. तिथे पट्टा सोडायचा. तुमचं ऐकलं तर आपली, नाही ऐकलं तर मामाची. चालेल?"

"चालेल," यमुनाबाई म्हणाल्या. आणि कामाला लागल्या.

सकाळ-संध्याकाळ सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत टक्, टक्-टक्. ब्राउनी पंधरवड्यातच वळायला लागली. ते तिच्या रक्तातच होतं, यमुनाबाईंनी फक्त आठवण करून दिली. बसायला शिकवलं ते वडिलांच्याच रीतीने. फळकुटं कुठून आणायची? पोळपाटावर लाटणं आपटायचं. फाडकन आवाज, ब्राउनी खाली, पोळीचा तुकडा. खालच्या मजल्यावरची राजनंदिनी वर येऊन विचारून गेली, "काकू, पोळ्या लाटताय की फोडताय?"

अभय म्हणाला, "आई, नुसतं 'सिट' म्हण ना. सगळे तसंच शिकवतात."

"आमच्यात नव्हतं तसं," यमुनाबाई म्हणाल्या.

दिवस भराभर गेले. खूप वर्षांनी त्या मनापासून झोपत होत्या. ब्राउनी दुपारी त्यांच्या पायाशी पडलेली असे, आणि तिच्या कानावरून हात फिरवताना यमुनाबाई पुढचं पुढचं ठरवत: पावसाळ्यात हिला कुठे फिरवायची, हिचे कान कसे कोरडे ठेवायचे. आता ही जाणार नाही, असं त्यांच्या मनाने धरलंच होतं.

रविवारी पाचहीजण गाडीतून वाघोलीला गेले. चार माणसं आणि एक कुत्री. नगर रस्त्याला दोन्ही अंगांना कॉलेजं, गृहप्रकल्पांच्या जाहिराती. श्याममामांची वस्ती आतल्या अंगाला होती. घरामागे थोडी ज्वारी, पुढे तांबडा मुरमाड माळ. तरवडीची झुडपं, गुडघाभर वाळलेलं कुसळी गवत, आणि पलीकडे टेकाडाची उतरती धार.

यमुनाबाई गाडीतून उतरल्या आणि उभ्याच राहिल्या. वास तोच होता.

"मामा, इथे तित्तर आहेत का हो?"

"आसत्याल यखाददुसरं," मामा म्हणाले. "पयल्यासारखं कुठं ऱ्हायलंय आता! खडीच्या मशिनी सुरू झाल्या आन् पाखरं गेली."

यमुनाबाईंनी पदर खोचला. पट्टा सोडला. टक्.

आणि ब्राउनी निघाली. नाक खाली, कान गवतावर लोळताहेत, डावीकडे सपासप. टक्-टक्. उजवीकडे. यमुनाबाईंच्या पुढे जाते, पण दगड मारला तर पोचेल एवढीच. वळताना एकदा मान उचलून मागे बघते: आहेस ना? आहे, आहे. यमुनाबाईंची पावलं हलकी झाली. गुडघा दुखत होता हे त्या विसरल्या.

"आयला!" श्याममामा म्हणाले. "ही तर रेघेवर चाललीया."

"आई, जिंकलात तुम्ही!" मागून पूर्वा ओरडली. "आणा तिला परत!"

पण यमुनाबाईंना ते ऐकू आलं नाही. कारण तरवडीच्या एका जाळीपाशी ब्राउनीचं बुडखं थरथरायला लागलं होतं. आधी हळू, मग वेड्यासारखं. कुत्रीने अंग आखडलं, झेप घेतली, आणि भर्रर्र...

तित्तर उठला. करड्या पंखांत उन्हाची तांबूस झाक. जमिनीनेच वर फेकलेला.

यमुनाबाई मटकन खाली बसल्या. डोळे मिटले. दोन्ही कानांवर हात घट्ट धरले. आणि बाराची वाट बघू लागल्या.

बार झाला नाही.

त्या थांबल्या. आता होईल. डोक्यावरून जाईल. मागे डॉक्टरसाहेब आहेत, त्यांच्या अंगाला तंबाखूचा वास आहे, शेजारी बाबा उभे आहेत. आता होईल.

कानांवरचे हात कुणीतरी ओढून काढले. अभय होता. "आई! काय झालं? चक्कर आली का?"

त्यांनी डोळे उघडले. माळ तोच, ऊन तेच. फक्त कुत्री नव्हती. लांब त्या उतरत्या धारेवर दोन पिंगट कान क्षणभर उडताना दिसले आणि पलीकडे नाहीसे झाले.

"आवाज," यमुनाबाई पुटपुटल्या. "आवाज नाही झाला. ती बसणार कशी?"

तिला शब्दावर बसायला शिकवलंच नव्हतं. आवाजाचं काम आपलं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. ते नेहमी मागच्याचं काम असे. धारेपलीकडे खडीची खाण होती, आणि खाणीपलीकडे नगर रस्ता. पूर्वा "ब्राउनी! ब्राउनी!" करत धावत सुटली होती. अभयने गाडी काढली. श्याममामा फटफटीवर बसून खाणीकडे गेले.

"तू इथे बसू नकोस उन्हात, चल," अभय जाताना म्हणाला.

"नाही. मी इथंच थांबणार." यमुनाबाईंनी अंगावरचा स्वेटर काढून गवतावर पसरला. "माझे बाबा सांगायचे, कुत्रं हरवलं की माणसाने हरवायचं नाही. जिथून ते सुटलं तिथंच बसायचं."

त्या बसल्या. थोड्या वेळाने दशरथराव आले, रुमाल झटकून शेजारी टेकले. रस्त्यावर ट्रकने हॉर्न दिला की यमुनाबाई दचकायच्या.

"कान का झाकलेस?" शेवटी दशरथरावांनी विचारलं.

"पाखरू उठलं की झाकायचे असतात."

"बंदूक नव्हती ना पण."

"माहीत आहे हो मला!" यमुनाबाईंचा आवाज फुटला. "डोक्याला माहीत आहे. अंगाला कोण सांगणार? मला वाटलं, मागे आहेत सगळे."

दशरथराव माळाकडे बघत राहिले. "आधी सांगायचंस," ते म्हणाले. "मी टाळी वाजवली असती."

यमुनाबाईंना एकदम हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू. त्यांनी पदराने डोळे पुसले. या माणसाने चाळीस वर्षांपूर्वी हे म्हटलं असतं तर, असंही मनात आलं. पण आज म्हटलं, हेही काही कमी नव्हतं.

उन्हं कलली. अभय-पूर्वा रिकाम्या हाताने परत आली, पूर्वाचे डोळे सुजलेले. मामाही आले. आणि मग ज्या बाजूला कुणी बघतही नव्हतं, त्या ज्वारीच्या अंगाने ब्राउनी आली. चालत. जीभ लोंबलेली, पोट चिखलाने माखलेलं, कानांच्या जटा झालेल्या. आली ती कुणाकडे न बघता स्वेटरवर पसरली.

पूर्वा तिच्या गळ्यात पडली. यमुनाबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि एकेक कुसळ उपसायला लागल्या. काही अगदी कातडीत शिरलेली होती. तिला दुखत असणार. पण ती हूं की चूं करत नव्हती. तिचं लक्षच नव्हतं. दमून डोळे मिटत होते आणि तरी नाक माळाकडे वळलेलं, नाकपुड्या हलताहेत. तिकडे, धारेकडे, तिचं काहीतरी राहून गेलं होतं.

यमुनाबाईंची बोटं थांबली. हे वळून बघणं त्यांना ओळखीचं होतं. हुलगीचं नव्हे, हुलगी घरी जाताना जीपमध्ये निवांत झोपायची, तिला पुढचा रविवार ठाऊक असायचा. असं वळून बघत पेठेतल्या दोन खोल्यांत कोण राहिलं होतं, ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

"आई," पूर्वा नाक ओढत म्हणाली, "ती पैज-बिज जाऊ दे. मला नाही द्यायची ही. आपण घरी नेऊ. दिवसभर तुमच्याजवळ राहील. मी ॲडजस्ट करीन."

हवं होतं ते मांडीवर पडलं होतं. उबदार, जड, धापा टाकत. यमुनाबाईंनी त्याच्यावरून एकदा पुरता हात फिरवला.

"नको," त्या म्हणाल्या. "राहू दे हिला मामांकडे."

"पण तुम्हालाच तर..."

"मला हवी आहेच गं. पण मी हिला काय देणार? कबुतरं? काचेतून?" मग आवाज सावरून त्या श्याममामांकडे वळल्या. "मामा, रोज संध्याकाळी कान तपासायचे. कुसळ आत गेलं तर पू होतो. खोबरेल लावून फणीने काढा. आणि पाखरू धरू द्यायचं नाही. उठवलं, झालं. पाखरू उडालं की जोरात टाळी वाजवा, बसेल ती."

"आवो, धरतीय कशाची! आन् पाखरं हाईत किती, मोजून चार. त्येंला मी बी हात लावू देणार न्हाई," मामा म्हणाले. "तुम्ही येत जा की आयतवारी. परकं हाय का काय?"

"बघू," यमुनाबाई म्हणाल्या. निघताना त्या तिच्याशी बोलल्या नाहीत. आपला आवाज तिच्या कानात राहिला तर ती गाडीमागे धावेल, म्हणून. स्वेटर मात्र तिथेच ठेवला.

रविवार काही जमले नाहीत. अभयला काम, पूर्वाला दिवस गेले, दशरथरावांचा मोतीबिंदू. पूर्वाने यमुनाबाईंना एक मोबाइल घेऊन दिला आणि त्यात मामांचा नंबर घालून दिला. हिरवं बटण दाबायचं, बस्स.

एका दुपारी, सगळे आपापल्या उद्योगात असताना, यमुनाबाईंनी ते बटण दाबलं.

"बोला, विहीणबाई!" मामा ओरडले. त्यांना फोनवर ओरडायचीच सवय होती. "झ्याक हाय तुमची. सकाळी दोन उठवली. टाळी वाजवली की बसतीया. माझ्या हाताचं कातडं गेलं पार!"

"आत्ता कुठे आहे?"

"हाय की, हितंच माळावर."

"मामा, एक काम कराल? तो फोन जरा माळाकडे धरा."

"आवो, आता दुपारचं तित्तर कुठलं बोलायला!"

"नसू दे. नुसता धरा."

थोडं खरखरलं. मग मामांचा आवाज लांब गेला आणि वारा आला. वाळलेल्या गवतातून जाणारा, सुका. मध्येच एक खडीची मशीन. पुन्हा वारा. यमुनाबाईंनी दुसरा कान तळहाताने झाकून घेतला.

"कुणाचा फोन?" हॉलमधून दशरथरावांनी विचारलं.

दशरथराव दारापर्यंत आले, बायकोचा चेहरा बघितला, आणि आल्या पावली परत जाऊन त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला.